आग्रा रोडच्या त्या टोकाला

कुर्ल्यात आमच्या घरासमोरून जाणाऱ्या रस्त्याला जुनी माणसे अजून आग्रा रोडच म्हणतात. पाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग हे नाव लागून जमाना झाला, पण रिक्षावाल्याला ‘जुना आग्रा रोड’ म्हटले की तो बरोबर आणून सोडतो. ठाणे, भिवंडी, नाशिक, मालेगाव, धुळे, मग इंदूर आणि ग्वाल्हेर करत हा रस्ता खरोखरच आग्र्याला जात असे. लहानपणी आम्हाला वाटायचे की या रस्त्याने नाकासमोर चालत राहिलो तर ताजमहालाच्या दारात पोहोचू. ताजमहाल पुढे पाहिलाही, दोनदा. पण आग्र्याच्या अलीकडे पंचावन्न-साठ किलोमीटरवर हाच रस्ता एका मोठ्या नदीवरून जातो आणि नदीच्या पलीकडच्या काठाजवळ धौलपूर नावाचे गाव आहे, हे दोन्ही वेळा गाडीत झोपलेले असल्यामुळे कळलेच नव्हते.

यंदा डिसेंबरच्या सुट्टीत मुद्दाम धौलपूरलाच जायचे ठरले. मुलांना सुसर बघायची होती, आम्हाला बाबरची बाग. अम्मींना थंडी नको होती, पण त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामू, येतो म्हणाले आणि अम्मीही तयार झाल्या. मामूंचे सगळे आयुष्य सावित्रीच्या खाडीवर गेलेले. त्यांच्या दोन होड्या होत्या आणि धंदा रेतीचा. आधी डुबी मारून, हातपाटीने रेती काढायचे; नंतर खाडीत सक्शन पंप आले तेव्हा त्यांनी होड्या विकल्या. महाडच्या सावित्रीत मगरी आहेत, त्यामुळे सुसर बघायला एवढ्या लांब जायचे कशाला, असे ते आधी म्हणाले होते. आमच्याकडे बोलताना मगर आणि सुसर यांत कोणी फरक करत नाही. धौलपूरला गेल्यावर पहिला धडा तोच मिळाला.

धौलपूरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून आम्ही ग्वाल्हेरला उतरलो आणि पुढे मोटार केली. वाटेत मुरैना लागते. इथली तीळ-गुळाची गजक नावाजलेली. थंडीच्या दिवसांत दुकानादुकानांत गजक कुटण्याचा ठोक-ठोक आवाज चालू असतो. अम्मींनी दोन किलो घेतली आणि मुंबईला पोहोचेपर्यंत त्यातली पाव किलोच उरली. मुरैना सोडले की सपाट शेते अचानक संपतात आणि दोन्ही बाजूंना मातीच्या घळी सुरू होतात. तीस-तीस, चाळीस-चाळीस फूट खोल, एकीतून दुसरी फुटलेली, वर बाभळी आणि विलायती कीकर. हेच ते बीहड. चंबळचे डाकू लपायचे ते इथेच. एप्रिल 1972 मध्ये याच मुरैना जिल्ह्यात, जौरा इथे, जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. आता घळी सपाट करून मोहरी लावलेली दिसते. आमच्या मुलाने गाडीवाल्याला डाकूंविषयी विचारले. तो म्हणाला, “डाकू गेले, बेटा. आता रात्री ट्रॅक्टर असतात.” त्या वेळी आम्हाला या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

मग पूल आला. पुलाच्या अलीकडे मध्य प्रदेश, पलीकडे राजस्थान, मध्ये चंबळ. उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी गढूळच असणार असा आमचा समज होता. हे पाणी निळसर हिरवे होते, काठाशी तर तळ दिसत होता. चंबळ महूजवळ जानापावच्या डोंगरात उगम पावते, उत्तरेकडे वाहत येते आणि शेवटी इटाव्याकडे यमुनेला मिळते. जुन्या कथांमधून तिला शापित म्हटले जाते. तिच्या काठी मोठे तीर्थक्षेत्र उभे राहिले नाही, खालच्या बाजूला मोठे कारखाने आले नाहीत. बदनामी आणि बीहड, या दोन गोष्टींनी एवढी मोठी नदी सांभाळली, असे म्हणावे लागते.

या नदीने किती सैन्ये पाहिली! 1658 साली शाहजहानच्या मुलांमध्ये तख्तासाठी झगडा पेटला, तेव्हा दाराने आग्र्याहून येऊन चंबळचे उतार तोफा लावून अडवले होते. औरंगजेब आणि मुराद दक्षिणेकडून आले. धौलपूरच्या उतारावर झुंजण्याऐवजी औरंगजेबाने बुंदेल्यांच्या मदतीने पूर्वेला दूरवरचा एक आडवाटेचा उतार शोधला. कडक उन्हात तिथपर्यंत कूच करताना त्याची कितीतरी माणसे तहानेने मेली, पण फौज नदी उतरली आणि दाराच्या तोफा जागच्या जागी निरुपयोगी झाल्या. काही दिवसांतच, 29 मे रोजी, समूगढला सगळा निकाल लागला. पुढे 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला आणि त्याचा मुलगा आझमशाह याच वाटेने तख्तासाठी आग्र्याकडे निघाला. त्याच्या छावणीत शाहू महाराज कैदेत होते. भोपाळच्या आसपास त्यांना मोकळे केले गेले आणि मराठ्यांच्या इतिहासाला वेगळे वळण लागले. आझमशाह मात्र चंबळ ओलांडून धौलपूर आणि आग्रा यांच्या मधल्या जाजऊपर्यंतच पोहोचला. तिथे जूनमध्ये भावाशी लढताना तो आणि त्याचा मुलगा बेदारबख्त दोघेही मारले गेले. अहमदनगरहून निघालेल्या माणसाचे आग्रा एक-दोन मुक्कामांवर राहिले होते. पुलावर गाडी थांबवून हे मुलांना सांगत होतो. मुलगी म्हणाली, “सगळे भाऊ-भाऊच लढत होते का?” अम्मी म्हणाल्या, “जायदाद होती ना बेटा.” यापेक्षा नीट उत्तर आमच्यापाशी नव्हते.

धौलपूर शहर देखणे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. धूळ, गर्दी, मधोमध उंच घंटाघर, आणि जिकडे पाहावे तिकडे लाल दगड. पायऱ्या लाल, ओटे लाल, गटारावरच्या फरशाही लाल. हा दगडच इथली खरी दौलत. दिल्लीतले राष्ट्रपती भवन याच भागातल्या लाल आणि फिक्या वालुकाश्माचे आहे. संसदेच्या नव्या इमारतीलाही सरमथुऱ्याचा दगड लागला. दगड वाहून नेण्यासाठी इथे एक छोटी नॅरोगेज रेल्वे होती. ती मोठी करण्यासाठी अलीकडेच बंद झाली. मुले हिरमुसली. राहायला साधी हॉटेले मिळतात. जेवणाचा प्रश्न आम्ही सरळ सोडवला. पहिल्या दिवशी मशिदीत जुहरला गेलो, नमाजनंतर शेजारच्या सफेतील गृहस्थांना विचारले आणि त्यांनीच गल्लीतल्या एका भटारखान्यात नेऊन बसवले. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर त्यांनी कुर्ल्याचेच नाव घेतले. त्यांचा भाचा तिथे टॅक्सी चालवतो.

या शहराचा आणि आपल्या वऱ्हाडचाही एक धागा आहे. अकबराचा सरदार सादिक मुहम्मद खान याने धौलपूरला आपले घर केले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो शहजादा मुराद याच्याबरोबर दख्खनच्या मोहिमेवर आला आणि अकोल्याच्या बाळापूरजवळ मुरादने वसवलेल्या शहापूर इथे वारला. त्याचा मकबरा मात्र धौलपूरलाच आहे. बाळापूरकडचे आमचे वाचक इथे आले तर त्यांनी त्याच्यासाठी फातिहा जरूर पढावा. आपल्याकडची माती घेऊनच तो परतला असेल.

बाबरची बाग शहराबाहेर झोर नावाच्या खेड्यात आहे. बाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येते त्यातले तिथे काही नाही. लाल खडकाची एक लांबट पट्टी, तिच्यावर कोरलेल्या पन्हळी, आणि खडकातच कमळाच्या पाकळ्यांच्या आकारात खोदलेला कुंड. बस. बाबर 1526 साली पानिपत जिंकून आग्र्याला आला, तेव्हा त्याची मोठी तक्रार होती की या मुलुखात वाहते पाणी नाही. त्याने जिथे-जिथे मुक्काम केला तिथे पाण्याची सोय करून बागा आखल्या. धौलपूरला एकसंध खडक पाहून त्यानेच कारागिरांना तो कोरायला सांगितले. आपल्या आठवणींत, तुर्की भाषेत, त्याने हे सगळे लिहून ठेवले आहे. चार वर्षांतच तो वारला आणि बाग विस्मरणात गेली. साडेचारशे वर्षांनी, 1978 मध्ये, एलिझाबेथ मॉयनिहन या अमेरिकन बाईंनी त्याच आठवणी हातात घेऊन शोध घेतला आणि झोरचे हे कमळ बाबरचे असल्याचे ओळखले. त्यांचे पती काही वर्षांपूर्वी भारतात अमेरिकेचे राजदूत होते.

आम्ही गेलो तेव्हा कुंडात पाणी नव्हते. मामू खाली बसले आणि पन्हळीवरून हात फिरवत राहिले. “उतार बघ,” ते म्हणाले, “एक बोटभरसुद्धा चुकलेला नाही.” पाणी हा त्यांचा विषय.

आता सुसरीकडे येतो. सकाळी सातला घाटावर पोहोचलो तर धुक्यात नदीच दिसेना. नावाडी म्हणाला, घाई करू नका, ऊन आल्याशिवाय तीही बाहेर येत नाहीत. थंड रक्ताचे प्राणी. थंडीत ऊन खाण्यासाठीच वाळूवर चढतात. साडेनऊला होडी निघाली. पहिल्याच वळणावर मगर दिसली, रुंद तोंडाची, मळकट. मामू म्हणाले, “ही आमची महाडची.” पुढच्या वाळूच्या पट्ट्यावर सुसरी होत्या. नऊ मोजल्या. एवढे लांब, बारीक तोंड, पातेल्याच्या दांड्यासारखे, आणि त्यात शंभराच्या वर दात. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा असतो, म्हणून तिथे त्याला घडियाल म्हणतात. सुसर मासे खाते. माणसाच्या वाटेला जात नाही; जमिनीवर तिला शरीर नीट उचलताही येत नाही, पोटावर सरकते. म्हणजे मगर वेगळी, सुसर वेगळी, आणि आपण दोघींना एकाच नावाने बदनाम केले आहे.

1970 च्या दशकात देशात दोनशेसुद्धा सुसरी उरल्या नव्हत्या. तेव्हा अंडी गोळा करून, उबवून, पिल्ले वाढवून नदीत सोडायचे काम सुरू झाले आणि चंबळचा लांबच लांब पट्टा तीन राज्यांत मिळून अभयारण्य झाला. आज जगातल्या बहुसंख्य सुसरी याच नदीत आहेत. तरी भरवसा नाही. 2007-08 च्या हिवाळ्यात शंभरावर सुसरी मरून पडल्या. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पाण्यातले की माशांतले विष, याचा पक्का उलगडा झाला नाही. वर कोट्याकडे धरणे आहेत, उन्हाळ्यात पाणी कालव्यांना जाते आणि नदी उथळ होते.

पक्ष्यांविषयी एका परिच्छेदात काय सांगणार? चक्रवाकांच्या जोड्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, आणि पाणचिरा. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो कात्रीने कापड कापावे तसा नदी चिरत उडतो. मुलगी टाळ्या वाजवायला लागली, नावाड्याने ओठांवर बोट ठेवले. नदीतले डॉल्फिन, ज्यांना तिथे सूंस म्हणतात, आम्हाला दिसले नाहीत. दोन तास चौघांची नजर पाण्यावर होती. अम्मींचे म्हणणे की त्यांनी एक पाठ पाहिली. त्यांच्याशी कोणी वाद घातला नाही. सूरह अनआममध्ये प्राण्यांना आणि पक्ष्यांना उम्मत म्हटले आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या वाळूवर अंग टाकून पडलेल्या नऊ सुसरी पाहताना तो शब्द पहिल्यांदा नीट समजला.

परतताना नावाडी वाळूविषयी बोलू लागला. मार्चच्या शेवटी मादी पाण्यापासून उंच, खोल, मोकळी वाळू शोधते, रात्री खड्डा करून तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त अंडी घालते आणि बुजवते. अडीच-एक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, आतून पिल्लांचे आवाज येतात तेव्हा तीच वाळू उकरते. नंतर मोठा नर पिल्लांच्या घोळक्यावर पहारा ठेवतो. पाणचिरा तर उघड्या वाळूवरच अंडी ठेवतो. डोक्यावर लाल रंग चढणारे एक मोठे कासव आहे, जगात आता मुख्यतः याच नदीत उरलेले, तेही याच वाळूत. “इथली वाळू म्हणजे सगळ्यांचे बाळंतघर आहे, चाचा,” तो मामूंना म्हणाला. आणि मग समोर बोट केले. पलीकडच्या काठावर वाळूचा अर्धा ढीगच कापून नेलेला होता. त्यावर चाकांचे खोल चर होते, थेट पाण्यापर्यंत.

अभयारण्यातून वाळू उचलायला बंदी आहे, तरी ती रात्री ट्रॅक्टरने जाते. गाडीवाला आदल्या दिवशी म्हणाला होता ते हेच. मार्च 2012 मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगडाचा ट्रॅक्टर अडवताना एक तरुण आयपीएस अधिकारी चाकाखाली मारला गेला. ही बातमी तेव्हा आम्ही वाचली होती आणि विसरलो होतो.

मामू बराच वेळ त्या चरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भरलेला ट्रॅक्टर गेलाय. चर बघ किती खोल. आणि आज रात्रीचाच आहे, कडा अजून ढासळलेल्या नाहीत.” मग आणखी थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, “आमच्या खाडीतही वाळूच्या बेटांवर मगरींची अंडी असायची. पोरे बांबूने उकरायची. मी पण उकरली आहेत.”

मधे आम्ही बाडीजवळच्या तलाब-ए-शाहीला जाऊन आलो. 1617 च्या सुमारास शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याच्या शिकारीच्या मुक्कामासाठी तलाव आणि महाल बांधला. महाल पडझडीला लागलेला, भिंतींवर प्रेमिकांची नावे कोरलेली, पण तलावावर बदकांची इतकी गर्दी की पाणी काळे दिसत होते. शिकारीसाठी बांधलेल्या जागी आता त्यांना कोणी गोळी घालत नाही. शेरशाहने 1540 मध्ये डागडुजी केलेला शेरगढ किल्ला मात्र झाडोऱ्यामुळे बाहेरूनच पाहिला. मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात सुसरीची पिल्ले टाक्यांत वाढवतात, ती मुलांना सगळ्यात जास्त आवडली. अंड्यातून बाहेर येतानाच त्यांचे तोंड तसेच लांब असते.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा घाटावर गेलो. असरची वेळ झाली होती. वजूला नदीच्या काठाशी बसू नका, असे नावाड्याने बजावले होते, म्हणून बाटलीच्या पाण्याने वजू करून वाळूवरच नमाज अदा केली. सजद्यातून उठताना सगळ्यांच्या कपाळाला वाळू लागली होती. ती बारीक, जड, स्वच्छ होती. मामूंनी चिमटीत घेतली, बोटांनी चोळली, आणि जुन्या सवयीने म्हणाले, “प्लास्टरला एक नंबर.”

तेवढ्यात आमचा फोन वाजला. गावाकडे घराची वरची खोली बांधायला घेतली आहे. स्लॅब झाला, आता प्लास्टरची वेळ. ठेकेदार म्हणत होता, दोन ब्रास रेतीची सोय झाली आहे, उद्या पहाटे टाकतो, भावही कमी आहे. पहाटे का, असे आम्ही विचारणार तोच मामूंनी हात पुढे करून फोन घेतला.

“रेती कुठली आहे?”

पलीकडचे काही ऐकू आले नाही.

“रॉयल्टीची पावती आहे का?”

यावर ठेकेदार मोठ्याने हसला, ते मात्र आम्हालाही ऐकू आले. मामूंनी सांगितले, टाकू नकोस. मग तो बराच वेळ बोलत राहिला. सक्शन पंप आल्यावर होड्या विकणाऱ्या माणसाने आज पावती विचारावी, याचे त्याला नवल वाटले असावे. मामू नुसते “हां, हां” म्हणत होते आणि त्यांची नजर नदीपलीकडे, कापलेल्या ढिगावर होती.

दगडाच्या खाणीतल्या चुऱ्याची रेती मिळते. ती महाग पडते, आणि गवंडी म्हणतो तिचा गिलावा सफाईदार येत नाही. आम्ही तिची चौकशी करतो आहोत. खोलीच्या भिंती अजून विटांच्याच आहेत, अम्मी रोज विचारतात आणि ठेकेदार आठवड्यातून दोनदा फोन करतो. मामू तेवढ्यात दुसऱ्या खोलीत जातात.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. होडी सकाळी उशिराची घ्या, म्हणजे सुसरी उन्हात भेटतील. दुर्बीण न्या. पावसाळ्यात नदी बंद असते. आणि पुलावर गाडीत झोपू नका.